शेवटची अकरा पानं

मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या फाटकासमोर,
औषधांच्या दोन दुकानांमध्ये दबलेलं आमचं भांडार.
दर्शनी कपाटात शास्त्रं, मराठी आणि कानडी,
चेनची कव्हरं, वचनांची कॅलेंडरं,
अंधारात चमकणारे प्लास्टिकचे क्रूस,
आणि अगदी खाली, झाडू लागतो त्या फळीवर
कथा-कादंबऱ्या. दीड हात जागा.

त्या दीड हातात काय यायचं
ते शमुवेलकाका ठरवतात असं मला वाटे.
काकांना वाटे, समिती ठरवते.
समितीला (पुण्यात, दुसऱ्या शनिवारी, चहा आणि खारी)
वाटे, मंडळ्या ठरवतात.
मंडळ्या नाताळच्या बक्षिसांना वीस-वीस प्रती नेत,
किंमत बघून.

नियम कुठे लिहिलेले नव्हते. पण
दारुडा शंभराव्या पानाच्या आत सुधारावा.
पाळक चुकलाच तर दुसऱ्या पंथाचा असावा.
पळून गेलेली मुलगी परत यावी
आणि बापाने दार लोटून ठेवलेलं असावं, कडी न घालता.
देव गप्प बसलेला चालत नसे.
काका म्हणत, प्रश्न गिऱ्हाइकाच्या घरी असतोच रे,
त्याला पैसे देऊन आणखी एक कशाला विकायचा?

ईस्तेर घाटगे, सिस्टर, मुलांचा वॉर्ड.
केसपेपरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिली तिने कादंबरी :
एक नर्स एका पोरासाठी नऊ रात्री प्रार्थना करते.
दहाव्या रात्री चादरीची घडी घालते.
संपलं.

समितीचं पत्र : लेखन हृदयस्पर्शी आहे,
तथापि शेवट अपुरा वाटतो.
तीनदा आलं. तथापि तिन्हीदा.
चौथ्या खेपेला तिने अकरा पानं जोडून पाठवली.
स्वप्न, उजेड, पांढरे झगे, पोरगं हसतंय.
पाचशे प्रती निघाल्या. मुखपृष्ठावर लिली,
जी आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिली नसेल.

ती प्रती न्यायला आली. उघडून बघितलं नाही.
छान छापलंय, म्हणाली.
पाच घेतल्या, सूट नको म्हणाली,
सुटे पैसे मोजून ठेवले काचेवर.

त्या संध्याकाळी काकांनी शटर अर्धं ओढलं,
बिलं टाचायचं स्टेपलर घेतलं
आणि एकेका प्रतीची शेवटची अकरा पानं
एकत्र टाचली. वर एक पिन, खाली एक.
मी विचारलं, कशाला?
म्हणाले, बांधणी कच्ची आहे.
जन्मात समितीला वाकडा शब्द न बोललेला माणूस.

रात्रपाळीच्या मुली नेत. पेशंटची माणसं नेत,
बिस्किटाचा पुडा घ्यावा तशी.
एक जण परत आला, कुपवाडचा,
पुढची पानं चिकटलीत हो.
काका म्हणाले, लागतील तेव्हा सोडवा.
घाई नाही.

आता काका नाहीत. सिस्टरही नाहीत.
आता परदेशी कादंबऱ्यांची भाषांतरं येतात, गुळगुळीत,
त्यांत घोडे असतात, गव्हाची शेतं,
आणि अडीचशे पानांत कुणी खोकत नाही.
खपतात. माझी तक्रार नाही, भाडं त्यांच्यावर निघतं.

तिच्या सतरा प्रती उरल्यात.
पिना गंजल्या. पानावर दोन तपकिरी ठिपके,
साप चावल्यासारखे.

एक मी सोडवली मागच्या उन्हाळ्यात.
वाईट नाहीत ती पानं, खरं सांगायचं तर.
उजेड आहे, झगे आहेत, सगळं सांगितल्याप्रमाणे,
पण खिडकी तिने उघडी ठेवलीय,
आणि बाहेर बुचाची फुलं पडतायत
उभ्या ॲम्ब्युलन्सच्या टपावर.
चावी लावायला कुणी येत नाही.
हे वाक्य समितीच्या नजरेतून सुटलं असेल.
किंवा कुणीतरी, खारी बुडवता बुडवता,
सुटू दिलं असेल. कुणास ठाऊक.

परवा एक बाई आली, हातात स्टीलचा डबा,
मनगटावर वॉर्डाच्या पासची दोरी.
शास्त्र नको, म्हणाली. आहे घरी.
गोष्टीचं काही आहे का, रात्र जाईल असं?

मी झाडू बाजूला केला
आणि खाली वाकलो.