पोटाचा पत्रा

चार छोट्या चाकांची फळी. तिच्यावर उताणी होऊन
अर्डिस ट्वाइट दर एप्रिलला
विमानाच्या पोटाखाली सरकते
आणि एकशे त्रेसष्ट स्क्रू काढते.
सत्तावीस वर्षं झाली.
तेरा पत्रे, एकाची कड दुसऱ्यावर चढवलेली.
स्क्रू दिसायला सारखे, पण पंपाजवळचे दोन आखूड;
तिथे लांब घातला तर नळीला भोक.
म्हणून बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
तिनं पोटाचा नकाशा काढलाय,
जिथला स्क्रू तिथेच खोचायचा.

यंदा तिच्या मनगटांनी नाही म्हटलं.

खोकं आलं ते तिच्याहून लांब.
आत एकच पत्रा, पत्रा तरी कशाला म्हणायचं,
काचतंतूचं उथळ होडगं,
बावीस स्क्रूंत बसणारं.
सोबत मंजुरीचे कागद आणि एक रंगीत पान,
त्यावर वेगाचा वायदा: दोन नॉट, जमल्यास तीन.
हँगरमधले म्हणाले, अर्डिसला सत्तरीत वेगाची हौस आली.
तिनं म्हणू दिलं.

मी ओरिन ब्योर्गेनकडे शिकाऊ, दुसरं वर्ष.
माझं काम टॉर्च धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं.
जुने पत्रे उतरले तेव्हा पोटातून पडली
मूठभर धूळ, रेड नदीच्या खोऱ्यातली, काळी;
बार्लीचे दाणे; एक वाळकी गांधीलमाशी;
आणि एक वॉशर.
अर्डिसनं तो उजेडात धरला.
"ह्याच्यापायी मी रेमंडशी आठवडाभर बोलले नव्हते."

नवं पोट वर धरलं.
पुढून बसलं. डावीकडून बसलं.
उजवीकडे, मागच्या कोपऱ्यात, करंगळीएवढी फट.
ओरिननं दाबलं, ढकललं, खाली घेतलं, पुन्हा लावलं.
साच्यातच खोट असेल, मी बोलून गेलो.
ओरिन बाहेर आलाच नाही.
आतल्या कण्यावरून बोटं फिरवत राहिला,
अंधारात खिशातलं नाणं ओळखावं तशी.
मग खालूनच विचारलं,
"अर्डिस, हे कधी पोटावर उतरलं होतं?"

गरम हवेचा पंखा तेवढा घरघरत होता.
तेरा पत्र्यांनी जे पोटात ठेवलं
ते एकट्याला ठेवता येईना.
तेराजण होते ना, ज्यानं त्यानं थोडं वाकून घेतलं,
एक भोक इकडे लांबट, एक तिकडे,
आणि वरून सगळं सरळ.

"एकदा," ती म्हणाली. "चाकं खाली घ्यायची विसरले.
आमच्याच गवताच्या पट्टीवर. गवत ओलं होतं.
रेमंडनं दोन रात्रीत ठोकून सरळ केलं.
नवा प्रोपेलर घेतला, लोकांना सांगितलं दगड लागला."
"वहीत नाही हे."
"नाही."
"आता लिहावं लागेल."
"लिही."

दोन दिवस ओरिननं कण्याचा इंच न् इंच तपासला,
एका जागी तडा निघाला, केसाएवढा.
तो दुरुस्त झाला, मग कानस घेतली.
काचतंतूची पूड कोपराच्या लवणीत शिरते,
आठवडाभर खाजवतो माणूस.
वजन केलं: दीड किलो हलकं.
तेही वहीत, तारखेसकट, ठोकलेल्या कण्याच्या खालच्या ओळीत.

ती एक चक्कर मारून आली.
किती वेग मिळाला, मी विचारलं.
"बघायचं राहिलं," म्हणाली,
आणि फडक्यानं पोट पुसायला वाकली, वाकताना कण्हली.

पुढच्या एप्रिलला मी फळी तयार ठेवली.
बावीस स्क्रू. कॉफीवरची वाफ अजून होती
तोवर पोट उघडं.
ती तशीच उताणी पडून राहिली,
स्क्रूड्रायव्हर छातीवर,
"एवढंच?" म्हणाली, मला नव्हे.
भिंतीवरच्या पुठ्ठ्यात एकशे त्रेसष्ट स्क्रू
आपापल्या भोकात.
बाहेर बांधावर जुनं बर्फ,
आणि सकाळ अजून सगळीच्या सगळी उरलेली.