अर्थ लागेना

बटन दाबलं की नुसतं टक्.
ओस्वाल्दोने स्टार्टर तिसऱ्यांदा उतरवला.
कार्बन ब्रश नवे, सोलेनॉइड नवा,
बॅटरी पावणेतेरा व्होल्ट.
तरी टक्.

बाहेर त्रिएस्तेचा बोरा वारा
शटर खडखडवतोय,
आत चौऱ्याहत्तरची गुझी
लाल, चकचकीत, ढिम्म.

निवेस कॉफी घेऊन आली.
अर्थच्या तारेवरून बोट फिरवत
चेसिसपाशी थांबली:
"इथंही रंग मारलास?"

मारला होता. अख्खा हिवाळा. सात हात.

तो जरा वेळ बघत बसला,
मग चाकूच्या टोकानं
नाण्याएवढा लाल खरवडला.
खाली करडं, उघडं लोखंड.
बोल्ट आवळला.

नंतर जे काही गुरगुरलं
त्यात कप फुटल्याचं
दोघांनाही कळलं नाही.