अर्थ

मन्मथ उटगेनं हैदराबादहून आणली
दोन मशीनं, कुणाचीतरी वापरून झालेली,
साड्यांच्या खोक्यात, वर गोणपाट.
रेल्वेत शेजारच्यानं विचारलं तर म्हणाला, शिलाईचं सामान.
मी गेलो तेव्हा माडीवर पाटावर ठेवलेली,
हळदकुंकू लावून.
सगळं होतं. लाईन तेवढी नव्हती.

मी पाठीमागची प्लेट वाचली. बत्तीसशे वॅट.
एकाचे.
म्हणालो, मन्मथ, तुझं मीटर एक किलोवॅटचं,
तुझ्या बापानं रेडिओ अन् तीन बल्बांसाठी घेतलेलं.
लोड वाढवायचा अर्ज दिलास का?
देतो की, म्हणाला, मुनीरमामा, तुमी लाईन तर ओढा,
हिशेब मी केलाय.
वहीत खरंच हिशेब होता.
एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला युनिट,
मधे चार बोटं जागा सोडलेली,
नफ्याला.

चार दिवस लागले.
खांबापासून जाड केबल, वेगळा एमसीबी,
परसात छातीएवढा खड्डा.
तांब्याची पट्टी, मग मीठ, कोळसा, मीठ, कोळसा.
त्याची आई गिरजाबाई काठावर उकिडवी बसली.
"कुणाला पुरूलालास रे?"
कुणाला नाही मावशी,
वीज चुकली तर हितं जावी म्हणून.
ह्याला अर्थ म्हणतात.
रोज तांब्याभर पाणी घाला,
अर्थ वाळू द्यायचा नाही.

गुरुवारी दिवेलागणीला एकच चालू केलं,
दुसऱ्याला मी हात लावू दिला नाही.
रांजणात पिठाची गिरणी बसवावी
तसा आवाज.
गल्लीतली कुत्री उठून पाण्याच्या टाकीकडं गेली.
समोर नजमाची ट्यूब फडफडली, विझली, पेटली.
मन्मथ मोबाईल धरून बसला,
एकदम म्हणाला, आलं!
किती?
टिंब, मग शून्यं. मी मोजूलालतो,
सहाव्या शून्याला कंटाळलो.
पार टोकाला एक चार होता,
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा,
गैरहजर लागू नये एवढ्यापुरता.
मामा, मजुरी ह्यातच देऊ का? वाढंल.
मी म्हणालो, नोटा दे. त्या बी सुट्ट्या.

चैत्रात माडीवर पाय ठेववेना.
मन्मथनं खिडकीतून पत्र्याचा नळा काढला,
गरम हवा जिन्यात.
गिरजाबाईंनी तिथं सांडगे मांडले,
दुसऱ्या दिवशी नजमानं मिरच्या आणल्या,
मग बिरादारांच्या कुरडया, मग कुणाकुणाची सुपं,
पायरीपायरीला एक, खडूनं नाव घालून.
रात्रीत कडकडीत.
एवढंच काय ते त्या मशीनचं
डोळ्याला दिसलेलं पीक.

बिल आलं. एकतीस हजार सातशे चाळीस.
वहीतली चार बोटं जागा
तशीच कोरी.
लाईनमन जिन्यात उभा राहून विचारून गेला,
वर गिरणी टाकली का,
अन् जाताना वाटीभर सांडगे घेऊन गेला.

वैशाखात एका रात्री डीपी उडाली.
सगळी गल्ली ओट्यावर आली,
एकमेकांशी मोठ्यानं बोलू लागली,
अन् मग कळलं, मशीन बंद आहे,
दीड महिना झाला, आपण ओरडूनच बोलूलालतो.
नजमाच आधी हसली.
मन्मथ हसला नाही. त्याचं अंधारात
मोबाईलच्या उजेडातलं तोंड
निळं दिसत होतं,
कुणाला शिव्या द्याव्या सुचेना.

आता दोन्ही मशीनं कुठं गेली, मी विचारलं नाही.
परवा पंप बघायला गेलो होतो.
गिरजाबाई परसात, हातात तांब्या,
पाईपाच्या तोंडात धार धरलेली.
म्हणालो, मावशी, मीठ आहे आत,
उगवायचं नाही काही.
म्हणाल्या, ठावं हाय.
वाळू देऊ नको म्हणलास की तूच.