झडती

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली,
त्यातली शेवटची चोवीस पासपोर्टात.
पानंही छत्तीसच असतात. निरोपाच्या भाषणात
मी हा विनोद केला होता. कुणी हसलं नाही.

साडेपाचला भोंगा, मग गेटवर रांग.
हात वर, खिसे उलटे, चपला काढून आपटायच्या.
एकदा फ्रान्सिस तुपेची उरलेली अर्धी भाकरी
जवानानं मोडून पाहिली, आत काही आहे का.
"ठेचा आहे," फ्रान्सिस म्हणाला, "जपून."
(ही गोष्ट क्षिप्रानं लहानपणी शंभरदा ऐकलीय.)
राग नव्हता. कागद सरकारचा, शाई सरकारची,
मोजून आत, मोजून बाहेर.
पण गेट ओलांडलं की जेल रोडच्या टपरीवर
दिल्लीपासून सुपरवायझरपर्यंत एकेकाचा उद्धार,
आणि ते कुणी मोजत नव्हतं.
मोजत असेलही. आम्हाला कळलं नाही,
तेवढं तेव्हा पुरेसं होतं.

परवा क्षिप्राचा फोन, ओहायोहून, तिकडे पहाट.
"बाबा, तो फोटो काढून टाका."
कुठला?
"मोर्चाचा. मला टॅग केलंय तुम्ही."
अठ्ठ्याऐंशीचा फोटो: बिटको चौक, माझी मूठ वर,
मिशी अजून काळी. खाली मी लिहिलेलं,
लेकही बापावर गेली.
गेलीच आहे. मार्चमध्ये तिथल्या विद्यापीठाच्या हिरवळीवर
हातात पुठ्ठा धरून दोन तास उभी होती,
पुठ्ठ्यावर एकच ओळ, तीही प्रश्नचिन्हासकट.
आता व्हिसा नवा करायचा तर
सगळी खाती उघडी ठेवा म्हणतात, कडी न लावता.
वकील म्हणतो, देश सोडू नकोस.
म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाला ती येणार नाही.
हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सोसायटीच्या बाकावर कोठुळे म्हणतात,
"पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं.
त्यांचं घर, त्यांचे नियम. तुमच्या गेटवर नव्हती झडती?"
कोठुळ्यांचा भाचा टेक्सासला, तोही हेच म्हणतो.
तिकडचेच काही लोक म्हणे उलटं म्हणतात,
की बोलायचा हक्क माणसाला दिलाय, कागदपत्रांना नाही;
कोर्टात भांडताहेत आपसात.
मी म्हटलं, कोठुळे, नोट बाहेर नेली तर
तिजोरीत एक कमी भरते.
मत बाहेर नेलं तर कुणाचं काय कमी भरतं?
"तुम्ही युनियनवाले," ते म्हणाले,
आणि उठताना माझी काठी त्यांनीच हातात दिली.

पासपोर्ट उघडला की आत एक विनंती असते,
राष्ट्रपतींच्या नावानं, अदबीची:
या व्यक्तीला विनाअडथळा, मोकळेपणानं जाऊ द्यावं.
ते वाक्य मी किती हजार वेळा तपासलं असेल
भिंगाखाली, अक्षर फुटलंय का, शाई पसरलीय का.
एकदा नेमका त्या मोकळेपणावर डाग आला
म्हणून अख्खी खेप परत पाठवली होती.
विनंती आहे, हे मात्र
इतक्या वर्षांत वाचूनही वाचलं नव्हतं.

फोटो काढला. फोननं विचारलं, नक्की?
नक्की.
मूळ प्रत ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत,
तिच्यात फ्रान्सिसही आहे, कडेला, अर्धा कापलेला.

रात्री पुन्हा फोन.
"काढला?"
"काढला."
मग कांद्याचा भाव, तिकडचा बर्फ, माझा गुडघा.
आता आम्ही दोघं डबा उघडा ठेवूनच बोलतो,
पाहणाऱ्याला भाकरी दिसावी, नुसती भाकरी.
ठेवता ठेवता ती म्हणाली,
"बाबा, ठेचा आहे ना घरात?"
आहे, म्हटलं. जपून.