विरजण

खुब्याचं हाड मोडलं त्या सप्टेंबरात
अख्खं वारेना पहाटे चारला
टोपल्या घेऊन पाइनच्या जंगलात गेलं.
मी चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
खिडकीतून टॉर्चचे ठिपके दिसले तेवढे,
आणि दुपारी जिनाभर ओल्या मातीचा वास.
येद्विगा दारात उभी राहून म्हणाली,
"यंदा फार काही मिळालं नाही."
खोटं. नखं काळी होती तिची.

ऑक्टोबरात शिवणयंत्राच्या माहितीपुस्तकात
सुईचा नंबर शोधताना
एक काळा कागद सापडला, चार घड्यांचा.
क्ष-किरण फिल्मच्या पाकिटातला. पोविलास दवाखान्यातून आणायचा,
वाया काही जाऊ द्यायचा नाही.
उलगडला, तर आत फिकट जांभळट चक्र:
अळंबीच्या टोपीखालचे सगळे पदर
धुळीने काढलेले.
कोपऱ्यात तारीख, आणि त्याच्या तिरप्या अक्षरात,
"मेर्किसचा काठ. पडलेलं आस्पेन, डावी बाजू."
सात वर्षांपूर्वीची तारीख.
तो जाऊन सहा.

मी तोंड बाजूला करून श्वास घेतला.

तळमजल्यावरच्या ग्वीदासने, वय चौदा,
प्लास्टिकच्या खोक्याला हात घालण्यापुरती दोन भोकं पाडून दिली.
बटाट्याच्या पाण्यात आगर शिजवलं, चमचाभर मध घातला,
सुई ज्योतीवर लाल केली, निवू दिली,
त्या धुळीला टेकवली
आणि बशीत नागमोडी ओढली.
सहा बशा. कपाटात, चादरींच्या मागे.

पहिली तिसऱ्याच दिवशी हिरवी.
दुसरी काळी, केसाळ.
तिसरीत गुलाबी चिकट काहीतरी, नाक मुरडावं असं.
हे रंग मला आईच्या पावाच्या डब्यापासून ओळखीचे.
चौथी, पाचवी: काहीच नाही. नुसती काच आणि वाट बघणं.
अकराव्या दिवशी सहावीत
काठाजवळ एक पांढरा ठिपका.
चष्मा पुसला. ठिपक्याला तंतू होते.

ग्वीदास म्हणाला, "पण हे आजोबांचंच कशावरून?
खिडकीतूनही आलं असेल. हवेत काय काय असतं."
पोरगं हुशार आहे. मला राग आला.
रात्रभर कूस बदलता येत नाही, त्यामुळे विचार एकाच कुशीवर होतो.
आई शेजारणीकडून वाटीभर विरजण आणायची,
पुढच्या आठवड्यात शेजारीण आमच्याकडून.
ते मुळात कुणाचं, हे दुधाने कधी विचारलं नाही.
सकाळी मी पांढऱ्याचा एक चौकोन कापला
आणि नव्या बशीत ठेवला.

मग राय शिजवली, बरण्या भरल्या,
दीड तास कुकर. येद्विगाने भिंत बडवली.
दाणा दाण्याला धरू लागला,
बरणी हलवली की सुटे, चार दिवसांनी पुन्हा एकजीव.
डिसेंबरात उकळलेल्या पेंढ्यात ते मिसळलं,
पिशवी न्हाणीघरात टांगली.
मी स्वयंपाकघरात अंग पुसून घेत होते दोन महिने.

फेब्रुवारी. बाहेर उणे चौदा.
पिशवीला चीर दिली, झरोका उघडला.
चिरेच्या ओठावर टाचणीची डोकी.
दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं.
पाचव्या दिवशी एकावर एक चढलेले करडे कान,
जणू सगळी भिंतीपलीकडचं ऐकतायत.

लोण्यात परतली, कांदा, शेपू.
ग्वीदास खाता खाता म्हणाला, "जंगलातल्यासारखी नाही लागत."
नाहीच लागत.
एक बशी येद्विगाला धाडली, तर ती धावतच वर आली:
"या थंडीत? कुठे सापडली?"
जागा कोणी सांगतं का!
म्हटलं, "यंदा फार काही मिळालं नाही."

एक टोपी राखून ठेवली होती.
त्याच काळ्या कागदाच्या कोऱ्या अर्ध्यावर,
पदर खाली करून, वर काचेचा वाडगा.
सकाळी उचलली.
तारीख घातली. पेन्सिल जरा थांबली.
मग लिहिलं:
न्हाणीघर. नळाची डावी बाजू.