निदानरेषा

माझा लिलाव झाला त्या रात्री
आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलत होते.
कुणीतरी मोबाईल पुढं धरला : पोराचा आकडा लागला बघा!
आण्णांनी पिवळी बोटं धोतराला पुसली,
विचारलं,
"माल हातात घेऊन बघितला का त्यांनी?"

सकाळी आठला मी मिरजेत, टेबल क्रमांक चार,
फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत.
नाझनीन मुजावर म्हणाली, "आज गुडघा. तुझंच दुकान."
चिमट्यानं उचलून दाखवला तिनं आतला दोर,
करंगळीएवढाही नाही, तिरपा, पांढुरका.
एवढ्याशावर एवढा आकडा?
टेबलावरच्या आजोबांच्या टाचा भेगाळलेल्या.
मी उगाच त्यांचा घोटा धरून बघितला,
डाव्या कोपऱ्यात धरतो तसा.
मग सोडला.

पुढची तीन वर्षं पिशवीत एका बाजूला नी-कॅप
आणि एका बाजूला फार्माकॉलॉजी.
पाटण्याच्या हॉटेलात, जयपूरच्या हॉटेलात,
खोलीतला जोडीदार दिवा बंद कर म्हणायचा,
मी बाथरूममध्ये बसून औषधांची नावं घोकायचो
एका दमात.
इनामदार मॅडम म्हणाल्या, "हजेरी छप्पन्न टक्के.
अंग विकलंयस, डोकं तरी कॉलेजात आणून ठेव."

दम हा शब्द मला दोनदा शिकावा लागला.
मैदानावर तो टिकवायचा.
ओपीडीत म्हैसाळची मावशी सांगते,
"चार पायऱ्या चढलं की दम लागतोय बघा."
मी लिहून घेतो.

मुळीक सरांनी तुंगच्या मैदानावर
फक्कीनं आखून दिली होती पहिली निदानरेषा.
आम्ही सातवीत. सर म्हणाले,
समोरच्याला हात लागला तर ठीक,
नाहीतर ही ओलांडल्याशिवाय माघारी आलास की बाद.
नुसतं कबड्डी कबड्डी म्हणत
मध्यरेषेपाशी घुटमळून भागत नाही.
निदान म्हणजे काय, सर?
सर हसले. म्हणाले, निदान तेवढं तरी.

मग तो सामना.
सोमबीर, रोहतकचा, लांब पायांचा,
शेवटचा दीड मिनिट, आम्ही एकानं मागं.
बोनससाठी पाय टाकला त्यानं, मी घोटा धरला,
मागून साखळी कोसळली
आणि आवाज आला.
वाळलं हळकुंड मोडतं तसा.
आण्णा हळकुंड मोडून आवाजावर माल ओळखतात.
मलाही ओळखू आला.

स्टेडियम उठलं.
मांडीवर थाप मारायला उचललेला माझा हात
कुठं ठेवावा कळेना.
मी खाली बसलो. एका हातात त्याची मांडी,
दुसऱ्यानं पोटरी हलकेच पुढं ओढली.
ती आली. येतच राहिली.
जिथं अडायला पाहिजे तिथं काहीच नव्हतं.
"डॉक्टर है ना तू? बता."

मी म्हणालो, मोच है. बर्फ लगा ले.

आम्ही जिंकलो. फोटोत मी हसतोय.

आता इंटर्नशिप. रात्रीचे तीन,
वॉर्डात पंखा कुरकुरतोय, पलीकडं जंक्शनला
कुठली तरी मालगाडी डबे जोडतीय.
सोमबीरचा मेसेज तसाच आहे, सात महिने झाले :
स्कॅनचा फोटो, आणि खाली,
"तुझे पता था ना."

अकरा नंबरच्या आजी जाग्याच आहेत.
रिपोर्ट संध्याकाळी आलाय. पोरगा बाहेर बाकावर झोपलाय.
"खरं सांग रं बाळा, काय झालंय मला?"
मोठे डॉक्टर सकाळी राऊंडला येतील,
असं सांगून निघता येतं. माघारी वळता येतं.

मी श्वास भरून घेतो,
स्टूल पुढं ओढतो,
आणि पहिल्यांदा त्यांचा हात धरतो.