शोधमर्यादेखाली

निवृत्तीच्या दिवशी केक कापला. कुणीतरी विचारलं,
"सिर्का, बेचाळीस वर्षांत नमुने किती झाले?"
मोजले नाहीत, म्हटलं. सगळे हसले.
जन्मभर मोजण्याचाच पगार घेतलेली बाई.

सुरुवात कागद गिरणीत. वय एकोणीस.
गावभर कुजक्या कोबीचा वास,
आणि बाप म्हणायचा, हा पैशाचा वास, पोरी, नाक मुरडू नकोस.
रेइनोनं ब्युरेट धरायला शिकवलं:
थेंब टाकायचा नाही, पडू द्यायचा.
गुलाबी आला की थांब. गडद झाला म्हणजे उशीर झाला.
पिपेट आम्ही तोंडानं ओढायचो.
जिभेवरची ती साबणासारखी चव
अजून एखाद्या सकाळी येते, कॉफीच्या आधी.

मग दूध. उणे पंचवीसात, पहाटे,
पापण्यांवर हिम घेऊन शेतकरी कॅन उतरवायचे.
लेम्पी हर्कोनेन दर शुक्रवारी खिडकीशी यायची:
"आमच्या मान्सिक्कीचं कसं काय?"
गाईची खुशाली विचारावी तशी फॅटची टक्केवारी विचारायची.
एका वसंतात तिच्यावर दुधात पाणी घालायची वेळ आली.
फार नाही, कपभर.
गोठणबिंदूनं चुगली केली.
दूर कुठल्या देशात म्हणे हंस दूध-पाणी वेगळं करतो;
आमच्या तळ्यावरचे हंस नुसते ओरडतात.
ते काम माझ्याकडे होतं. आकडा लिहिला.
लेम्पी पुन्हा खिडकीशी आली नाही.

हेलसिंकीत विषशास्त्र.
तिथं माणसं नावानं येत नाहीत,
क्रमांकानं येतात, बाटलीत, पाच मिली.
यंत्राची सुई कागदावर डोंगर काढायची
आणि आम्ही ते डोंगर कात्रीनं कापून
तराजूत तोलायचो. खरंच.
कागदाचं वजन ते माणसाच्या रक्तातलं.
एका बुधवारी तोललेला डोंगर रेइनोचा होता,
हे मला शनिवारी कळलं, पेपरातल्या काळ्या चौकटीतून.
तोवर माझी सही होऊन गेली होती.
सोमवारी उरलेल्या रक्तावर पुन्हा चाचणी केली. दोनदा.
दोन्ही वेळा तेवढंच आलं.

शेवटची अकरा वर्षं गावाकडं, तळ्याच्या गाळात.
बर्फाला भोक पाडायचं, नळी खाली सोडायची,
वर येतो तो काळा दंडगोल
पाव कापावा तसा कापायचा. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच वर्षं.
चौदाव्या कापाला पारा एकदम चढला.
तारीख लावली. ते माझं वर्ष निघालं,
गुलाबी आला की थांबायचं वर्ष.
गिरणीच्या सांडपाण्याच्या वहीत तेव्हा
माझ्या अक्षरात रोज असायचं: आम्ल ठीक, तंतू ठीक.
पारा कुणी विचारला नव्हता,
म्हणून मोजला नव्हता.

नव्या पोरांना मी एकच गोष्ट सारखी सांगायचे.
"नाही" लिहायचं नाही कधी.
लिहायचं, शोधमर्यादेखाली.
त्यांना वाटायचं, म्हातारी शब्दाला शब्द घासतेय.

काल शेजारचा तापानी पाइक घेऊन आला,
हातभर लांब, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कुठल्या तळ्यातला?
त्यानं हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं.
किलोमागं किती, मला तोंडपाठ होतं. दशांश चिन्हासकट सांगितलं.
"माहीत आहे," तो म्हणाला, बूट काढत.
"शेपू आहे का घरात?"